कस्टम ड्यूटी उतरली, मग तिजोरीचं काय झालं?

आयात शुल्क कमी केलं की सरकारचं उत्पन्न बुडतं का, हा आजचा प्रश्न. सुरुवात आपल्याच देशापासून करू.

१९९१ पूर्वी काही वस्तूंवर ३०० टक्क्यांहून जास्त कस्टम ड्यूटी होती. एवढी भरून माल आणणार कोण? एकतर तो येतच नाही, नाहीतर रात्री होडीतून उतरतो. कोकण किनाऱ्यावरच्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको! दोन्हीकडे सरकारच्या हाती शून्य. जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंगांनी कमाल दर १५० टक्क्यांवर आणला. १९९५ मध्ये तो ५० झाला. आणि वसुली? १९९०-९१ मध्ये साधारण २०,६०० कोटी, १९९५-९६ मध्ये ३५,७०० कोटींच्या वर. माल जास्त आला, शिवाय अवमूल्यनामुळे त्याची रुपयातली किंमतही फुगली.

म्हणजे फायदाच झाला? थांबा. या काळात महागाई आणि अर्थव्यवस्था दोन्ही वाढत होत्या. केंद्राच्या एकूण करांत कस्टमचा वाटा १९९०-९१ मध्ये ३६ टक्क्यांच्या आसपास होता, २००१-०२ मध्ये तो एकवीस-बावीसवर आला. केंद्राचे सगळे कर मिळून जीडीपीच्या १० टक्क्यांवरून ८ च्या आसपास घसरले. सेवाकर १९९४ मध्ये आला खरा, पण सुरुवातीला फक्त टेलिफोन, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाल, तेही ५ टक्क्यांनी. खड्डा भरायला बरीच वर्षं लागली.

आणि आपल्याकडे निदान करखातं तरी मोठं होतं. ज्या देशात ते नाही, तिथे कस्टम हा सगळ्यात सोपा कर. बंदरावर माणसं बसवली की पैसे जमा. त्याऐवजी व्हॅट लावायचा तर दुकानादुकानातल्या वह्या तपासायला हव्यात, आणि निम्म्या दुकानांत वहीच नसते. म्हणून अशा अनेक देशांत व्हॅटही बराचसा बंदरावरच वसूल होतो. (गंमत आहे की नाही?)

नाणेनिधीतल्या बाउन्सगार्ड आणि कीन यांनी २००५ मध्ये हा हिशेब मांडला. व्यापार करातून गमावलेल्या प्रत्येक डॉलरमागे श्रीमंत देशांनी तो दुसऱ्या करांतून भरून काढला; गरीब देशांना मात्र जेमतेम ३० सेंट परत मिळाले.

उरलेले ७० सेंट म्हणजे कुठेतरी शिक्षकाचा पगार, कुठेतरी दवाखान्यातली औषधं. खुल्या व्यापाराला माझा विरोध नाही. पण आधी करखातं उभं करा, मग दर उतरवा, असं मला वाटतं. कर्ज देणारे बहुतेकदा उलट्या क्रमानं सांगत आले.