अवघड जागेचे दुखणे



माकडहाडाजवळच्या घडीत केस कातडीत शिरतात, गळू होते, पू वाहतो. डॉक्टर त्याला पायलोनायडल सायनस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना हे इतके झाले, की ‘जीपचे दुखणे’ असेच त्याचे नाव पडले.

हे एकापासून दुसऱ्याला लागत नाही. पण वडिलांना किंवा भावाला झाले असेल, तर मुलाला होण्याचा संभव अधिक. केसांचा राठपणा व अंगाची ठेवण घराण्यातूनच येते ना! जर्मन डॉक्टरांना २००९ साली असे आढळले, की अशा घरच्या रोग्यांना हे लवकर वयात होते आणि शस्त्रक्रियेनंतर अधिक वेळा उलटते.

मुले लाजेने सांगत नाहीत, वडील आपले झाकून ठेवतात. मुलींनाही होते, त्या तर बोलतच नाहीत. म्हणून आपणच विचारावे. बसताना ठणकते, कपड्याला डाग पडतो, असे कळताच पोटिसावर न विसंबता सर्जनला दाखवावे, आणि घरात आणखी कोणाला झाले होते तेही आपणहून सांगावे. जागा स्वच्छ व कोरडी ठेवावी, फार वेळ एका जागी बसू नये.

दुखणे हा काही कुळाला बट्टा नव्हे. लपवण्यानेच ते वाढते.