जखम झिरपतेय? प्लेट आठवडाभर ठेवा



पेसमेकर म्हणजे काय, हे या सभागृहात सांगायला नको. पहिल्या दोन रांगांतच चार-पाच निघतील. (हशा) १९५८ साली स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांना पहिला बसवला, तो काही तासच चालला आणि लार्सन मात्र २००१पर्यंत जगले, हेही तुम्ही वाचलेलं असेल.

मला बोलायचंय ते पेसमेकरच्या डबीवरच्या जखमेबद्दल. तिथे जंतुसंसर्ग झालाच, तर बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकोकसचा असतो आणि एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेतल्या कल्चरच्या प्लेटवर उगवतो. पण एखाद्याची जखम झिरपतच राहते आणि रिपोर्ट येतो, ‘वाढ नाही’. अशा वेळी जंतू नाही असं मानू नका, प्लेट लवकर टाकून दिली असेल अशी शंका घ्या. हा माझा जुना हट्ट आहे. मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, चेलोनी, अ‍ॅब्सेसस ही टीबीच्या जंतूची भावकी. यांना उगवायला आठवडाभरही लागतो. बऱ्याच प्रयोगशाळांत साधी प्लेट त्याआधीच कचऱ्यात जाते.

चेलोनीवरून आठवलं, ते सांगतोच. १९०३ साली बर्लिनच्या मत्स्यालयातल्या कासवांमध्ये तो फ्रीडमन नावाच्या डॉक्टरांना सापडला. कासवाचा जंतू माणसाला अपाय करत नाही, उलट क्षयापासून वाचवतो, अशी त्यांची खात्री झाली. १९१३मध्ये ते हा उपचार घेऊन न्यूयॉर्कला गेले. क्षयावर औषधच नव्हतं हो तेव्हा! माणसं आशेनं त्यांच्याकडे धावली. सरकारी डॉक्टरांनी तपासणी केली, तेव्हा दावा टिकला नाही. त्या रोग्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही. आणि ज्याला निरुपद्रवी म्हटलं, तोच जंतू आज आपल्याला जखमांमध्ये सापडतो...

(घंटा) झाली का वेळ? दोन मिनिटं द्या, मुख्य मुद्दा राहिलाय.

टीबीसाठी पू रंगवून पाहिला, तर हे जंतूही टीबीसारखेच लाल दिसतात. लाल काडी दिसली की आपल्याकडे टीबीच्या गोळ्या सुरू होतात, आणि त्या नेहमीच्या गोळ्यांना हे बहुधा दाद देत नाहीत. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर पोटावरच्या छेदांत हेच जंतू भारतात अनेकदा सापडलेत. तिसऱ्या रांगेतले सर्जन मान हलवताहेत. डॉक्टरसाहेब, मी तुमच्या हाताला दोष देत नाही. हे जंतू नळाच्या पाण्यात राहतात, क्लोरीनलाही पुरून उरतात. झुरिकला तर हृदयशस्त्रक्रियेत रक्ताचं तापमान राखणाऱ्या यंत्राच्या टाकीतून किमायरा नावाचा याच भावकीतला जंतू तुषारांबरोबर हवेत गेला, नव्या झडपांवर बसला आणि काही रुग्णांत वर्षांनंतर उघडा पडला.

जंतूचं नाव कळलं की उपचार ठरतो. पेसमेकरच्या बाबतीत सहसा डबी आणि तारा दोन्ही काढाव्या लागतात, जोडीला एकाहून अधिक औषधं काही महिने. जुन्या तारा शिरेत चिकटलेल्या असतात, त्या काढणं जोखमीचं काम आहे. म्हणून उशीर परवडत नाही.

तेव्हा पेसमेकरवरची कातडी लाल झाली, सुजली किंवा ओलसर राहिली, तर मलम लावून वाट पाहू नका. घरी दाबू नका, कुणाला सुई घालून पू काढू देऊ नका. ज्यांनी पेसमेकर बसवला त्यांच्याकडे जा. प्रकृती बरी असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना घ्यायला सांगा, आणि प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर दोन गोष्टी लिहून मागा: मायकोबॅक्टेरियाचं कल्चरही करावं, आणि प्लेट आठवडाभर ठेवावी.