एक झाड, तीन मागण्या

आपल्या भागात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी अधूनमधून वाचायला मिळते. कापसाच्या नाहीतर तुरीच्या पिकात गांजाची झाडे सापडली, पोलिसांनी ती उपटून वजन केले, शेतकऱ्याला अटक झाली. पारावर ही बातमी वाचली गेली की कोणीतरी म्हणतोच, ‘सरकार एकदाची परवानगी का देत नाही? चार पैसे तरी मिळतील.’ आज या परवानगीविषयीच बोलायचे आहे. ती कोण मागतो आहे, कशासाठी मागतो आहे आणि त्यातून परभणीच्या शेतकऱ्याच्या पदरात काय पडणार आहे?

ऑगस्ट २०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. कोणत्याच पिकाला भाव नाही, गांजाला आहे. तेव्हा दोन एकरांत गांजा लावू द्या, अशी त्याची मागणी होती. १५ सप्टेंबरपर्यंत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे समजून १६ तारखेपासून लागवड करीन, असेही त्याने कळवले. अर्ज पोलिसांकडे गेला आणि प्रसिद्धीसाठी केलेला खटाटोप म्हणून त्याची बोळवण झाली. पण त्या अर्जात गांजाची मागणी थोडी होती, शेतमालाच्या भावाची जास्त होती.

आता कायदा पाहू. अमली पदार्थांचा सध्याचा कायदा १९८५ चा. त्याने झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस यांवर बंदी घातली. नुसती पाने त्यातून वगळली. म्हणून महाशिवरात्रीची भांग या कायद्यात येत नाही. तिच्यावर राज्याच्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहे. गांजा ओढणाऱ्याला जास्तीत जास्त सहा महिने कैद होऊ शकते. एक किलोपर्यंत गांजा जवळ सापडला तर एक वर्ष. आणि लागवड करणाऱ्याला? दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. ओढणाऱ्यासाठी, बाळगणाऱ्यासाठी वजनाचे टप्पे आहेत. लावणाऱ्यासाठी तसा टप्पा नाही. बांधावर दहा झाडे लावणारा आणि दहा गुंठे लावणारा एकाच कलमात सापडतो. बटईने दिलेल्या शेतात असे काही चालले आहे हे ठाऊक असून मालकाने डोळेझाक केली, तर तोही सुटत नाही.

हा कायदा बदला म्हणणारी मंडळी देशात आहेत. पतियाळाचे तत्कालीन खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनी २०१६ मध्ये त्यासाठी खासगी विधेयक तयार केले. त्याचा कायदा झाला नाही. ‘ग्रेट लीगलायझेशन मूव्हमेंट इंडिया’ ही संस्था २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मुंबईत २०१३ मध्ये ‘बॉम्बे हेम्प कंपनी’ निघाली. तिने जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेबरोबर औषधांच्या संशोधनासाठी हात मिळवले. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात हे झाड सर्वांत कडक यादीतून काढण्याच्या बाजूने भारतानेही मत दिले. तो ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला.

मात्र या सगळ्यांची मागणी एक नाही. ओढणाऱ्याला तुरुंगात टाकू नका, ही पहिली मागणी. रुग्णाला औषध मिळू द्या, ही दुसरी. शेतकऱ्याला धागा आणि बी यांसाठी झाड लावू द्या, ही तिसरी. तिन्ही मागण्या एकाच घोषणेत कोंबल्या की ऐकणाऱ्याला फक्त नशा ऐकू येते. मग तिसरी मागणी, जी सर्वांत सोपी आहे, तीही अडकून पडते.

सोपी अशासाठी की तिला नवा कायदा लागत नाही. १९८५ च्या कायद्यातच चौदावे कलम आहे. धागा किंवा बी मिळवण्यासाठी अटी घालून लागवडीला परवानगी देता येते, असे ते सांगते. उत्तराखंडने २०१८ मध्ये असा पहिला परवाना दिला. झाडातला नशेचा अंश, म्हणजे टीएचसी, ०.३ टक्क्यांच्या आत हवा, अशी तिथली अट आहे. हिमाचल प्रदेशाने जानेवारी २०२५ मध्ये नियंत्रित लागवडीचा प्रायोगिक प्रकल्प मंजूर केला आणि काम सोपवले पालमपूर आणि नौणी इथल्या विद्यापीठांकडे.

तरीही हुरळून जाऊ नये. धाग्याचे झाड म्हणजे काय, हे मराठवाड्याला नव्याने सांगायला नको. अंबाडीला इंग्रजांनी ‘डेक्कन हेम्प’ म्हटले. भांगेच्या झाडाशी तिचे काही नाते नाही. तिला परवाना लागत नाही, नशा नाही, आणि पोळ्याला बैलाची वेसण, कासरा तिच्याच वाखाचा असे. प्लास्टिकची दोरी आली आणि वाखाला गिऱ्हाईक उरले नाही. अंबाडी राहिली ती भाजीपुरती. मग भांगेच्या वाखाला कारखाना कुठे आहे, भाव कोण देणार, हे आधी विचारायला नको का? शिवाय या झाडाचे पराग वाऱ्याने पसरतात. शेजारच्या चोरट्या गांजाचे पराग आले तर पुढच्या बियाण्यात नशेचा अंश वाढू शकतो, आणि गुन्हा दाखल होतो तो शेतकऱ्यावर.

नशेचा प्रश्नही खोटा नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालानुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग, गांजा किंवा चरस घेतात आणि त्यांतल्या सुमारे ७२ लाखांना मदतीची गरज आहे. थायलंडने २०२२ मध्ये दार सताड उघडले आणि २०२५ मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घालून ते पुन्हा लोटून घेतले.

म्हणून मागायचेच असेल तर नेमके मागू या. आपल्याकडे १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. कमी नशेचे वाण आपल्या उन्हात, आपल्या काळ्या जमिनीत कसे वागते, एकरी खर्च किती, वाख किती, याची चाचणी तिथे कुंपणाच्या आत होऊ द्या. आकडे शेतकऱ्यासमोर ठेवा; मग परवान्याचे बोलू. जोखीम सरकारने घ्यायची आहे, दोन एकरवाल्याने नव्हे.

आणि तोवर, माझ्या शेतकरी बांधवांनो, ‘कायदा आता बदलणारच आहे’ असे सांगून कोणी तुरीत झाडे लावायला बी आणून दिले, तर त्याला दारातूनच परत पाठवा. बी देणारा खटल्यात सहसा दिसत नाही. सातबारा तुमच्या नावावर असतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)