ग्रंथांचे ऋण आणि त्याची फेड

(ज्ञानपंचमीनिमित्त स्वारगेट येथे झालेले व्याख्यान)



कार्तिक शुद्ध पंचमीस श्वेतांबर परंपरेत ज्ञानपंचमी, तर ज्येष्ठ शुद्ध पंचमीस दिगंबर परंपरेत श्रुतपंचमी साजरी होते. ग्रंथांना पाटावर बसवून त्यांची पूजा करणाऱ्या समाजाने, ते ग्रंथ कोणाच्या कष्टाने हाती आले याचे स्मरण ठेवणे हेही पूजेचेच अंग होय. व्यापारात ज्याचे देणे आहे त्याचे नाव खतावणीत नसेल, तर ते देणे फिटत नाही. ते केवळ विसरले जाते. म्हणून ऋणदात्यांची काही नावे आज उच्चारावयाची आहेत.

पहिले नाव आचार्य देवर्धिगणी क्षमाश्रमण यांचे. भगवान महावीरांच्या निर्वाणानंतर सुमारे एक हजार वर्षे आगमवाणी मुख्यतः गुरुमुखातून शिष्याच्या स्मरणात उतरत राहिली. दुष्काळ पडले, श्रुतधर मुनी कालवश झाले, पाठ विस्मृतीत जाऊ लागले. तेव्हा सौराष्ट्रातील वलभी येथे देवर्धिगणींनी श्रमणसंघ एकत्र करून आगम लिपिबद्ध करविले. स्मरणावर विसंबून राहिले असते, तर आज पूजेच्या पाटावर काय ठेवले असते, याचा विचार प्रत्येकाने करावा.

दुसरी कथा कर्नाटकातील मूडबिद्रीची. षट्खंडागमावरील आचार्य वीरसेनांची ‘धवला’ ही नवव्या शतकातील टीका तेथे जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रांवर शतकानुशतके सुरक्षित होती. यात्रेकरूंना तिचे दर्शन घडे. वाचन मात्र घडत नसे. 1883 साली मुंबईचे शेठ माणिकचंद पानाचंद यात्रेला गेले असता ही ताडपत्रे जीर्ण होत चालल्याचे त्यांच्या ध्यानी आले. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी पुढाकार घेतला आणि नकला करण्याचे कार्य सुरू झाले. एक जव्हेरी, दुसरे सोलापूरच्या व्यापारी पेठेतले; पण नफ्यातोट्यापलीकडची दृष्टी दोघांनाही होती.

नकलेचे काम करणाऱ्या गजपती शास्त्री यांनी, ग्रंथ बाहेर नेण्याची अनुमती नसताना, पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने कन्नड लिपीत आणखी एक प्रत गुप्तपणे तयार केली. ती पुढे सहारनपूरला पोहोचली आणि तिच्यावरून झालेल्या नकला देशभर गेल्या. या कृतीचा योग्यायोग्य विचार विद्वानांनी अवश्य करावा. तथापि घरातील कामे उरकून हजारो श्लोकांचा मजकूर उतरवून काढणाऱ्या त्या श्राविकेचे नाव किती घरांत ठाऊक आहे? पुढे अमरावतीच्या महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी संपादनाचे शिवधनुष्य उचलले. विदिशेचे शेठ सिताबराय लक्ष्मीचंद यांनी द्रव्यसाहाय्य केले. 1939 साली अमरावतीहून पहिला भाग प्रसिद्ध झाला आणि सुमारे वीस वर्षांत हिंदी अनुवादासह सोळा भाग पूर्ण झाले. ज्याचे केवळ दर्शन होत असे, ते वाचनीय झाले.

तिसरे स्थान तर स्वारगेटहून बसने सहज जाता येईल इतके जवळ आहे. 6 जुलै 1917 रोजी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली आणि पुढील वर्षी सरकारी हस्तलिखितांचा मोठा संग्रह तेथे आला. त्यातील जैन हस्तलिखितांची वर्णनात्मक सूची प्रा. हिरालाल रसिकदास कापडिया यांनी अनेक भागांत सिद्ध केली. पोथीची पाने किती, पानावर ओळी किती, आरंभ कसा, शेवट कसा, अशा नोंदी वर्षानुवर्षे करीत राहणे हे तपश्चर्येहून कमी नव्हे. मुनी जिनविजयजी यांनी ‘जैन साहित्य संशोधक’ हे त्रैमासिक काढले तेही याच पुण्यातून, 1920 साली.

या कार्यात पंथाची भिंत आड आली नाही, हे विशेष. सदलगा येथे दिगंबर कुटुंबात जन्मलेले आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकविणारे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांनी श्वेतांबर आचार्य उद्योतनसूरींची ‘कुवलयमाला’ संपादित केली. इसवी सन 779 मधील या प्राकृत ग्रंथात बाजारपेठेत जमलेल्या निरनिराळ्या प्रांतांच्या व्यापाऱ्यांचे आणि त्यांच्या बोलींचे वर्णन आहे, आणि त्यात मराठी बोलणारेही आहेत. मारवाड-गुजरातेतून येऊन मराठी मुलखात दुकान मांडणाऱ्या कुटुंबांना ते वर्णन परके वाटणार नाही. पुण्याच्या वाडिया महाविद्यालयातील डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य जन्माने जैन नव्हते. तरीही महाकवी पुष्पदंताचे अपभ्रंश ‘महापुराण’ त्यांनी तीन खंडांत सिद्ध केले. विद्येचे ऋण जात-पंथ पाहत नाही.

आता फेडीचा प्रश्न. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी आणि प्राकृत या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात भाषेचा दर्जा दिला. ही आनंदाची वार्ता खरी; परंतु दर्जा सरकार देते, वाचक समाजाला घडवावे लागतात. मुकुंदनगर असो वा सॅलिसबरी पार्क, अनेक घरांत आजोबा गुजराती किंवा हिंदी ग्रंथ वाचतात, मुलगा मराठी वाचतो आणि नातू इंग्रजी. आजोबांच्या मागे ते कपाट उघडणार कोण? मंदिर बांधण्यास दानशूर मिळतात, ही समाजाची पुण्याई. पण मंदिरातील ग्रंथ वाचू शकणारा माणूस उरला नाही, तर मूडबिद्रीची स्थिती येथेच परत येईल. दर्शन असेल, वाचन नसेल.

म्हणून तीन लहान गोष्टी व्हाव्यात. प्रत्येक घराने वर्षातून एक ग्रंथ, मराठी अनुवादासह का होईना, सर्वांनी मिळून वाचावा. संस्थांनी दरवर्षी निदान एका विद्यार्थ्यास प्राकृत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती द्यावी. आणि माळ्यावरची हस्तलिखित पोथी वा स्तवनांची जुनी वही रद्दीत घालण्यापूर्वी किंवा विसर्जित करण्यापूर्वी जाणकारास दाखवावी. एखादी लक्ष्मीबाई तिच्यातही असेल.

देवर्धिगणींचे, त्या लेखणीचे, त्या संपादकांचे ऋण रोख रकमेने फिटणारे नाही. ते फिटते ग्रंथ उघडल्याने, आणि पुढच्या हाती दिल्याने.

जय जिनेंद्र!