श्वास मोजावेत

खोकणाऱ्या प्रत्येक मुलास न्युमोनिया नसतो. परंतु तो ओळखण्यास विलंब झाला, तर प्राणांवर बेततें. माझी धाकटी बहीण याच रोगानें गेली. घरांत घड्याळ होतें. श्वास मात्र कोणीं मोजले नाहींत.

मूल शांत असतां पूर्ण एक मिनिट त्याच्या छातीपोटाकडे पाहून श्वास मोजावेत. २ महिन्यांच्या आंतील मुलाचे ६०, १ वर्षाच्या आंतील मुलाचे ५०, व पुढें ५ वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरल्यास वैद्यकीय सल्ला त्वरित घ्यावा. श्वासासरशी बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जात असेल, अगर मूल दूधपाणी घेत नसेल, तर तत्काळ रुग्णालय गांठावें.

रोग जिवाणूंचा कीं विषाणूंचा, हें डॉक्टर ठरवितील. मिनिटाची मोजणी आपल्याच हातीं आहे.