प्रश्न विचारणारा टीव्ही
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



'माझे प्रेरणास्थान' या विषयावर बोलताना थोर पुरुषांची नावे घ्यावीत, अशी रीत आहे. परंतु मला शिकण्याची गोडी लागली ती नांदूरघाटात शेजाऱ्यांच्या ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीपुढे बसून.

दूरदर्शनवर 1990 ते 2001 या काळात 'सुरभि' हा कार्यक्रम होत असे. सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे तो सादर करीत. गावोगावचे विणकर, कुंभार, वादक त्यात दिसत आणि नटाला मिळावा तसा मान त्यांना मिळे. माझे अब्बा शिवणकाम करीत. त्यांच्या हातांकडे मी प्रथम नीट पाहिले ते हा कार्यक्रम पाहून आल्यावर. तोवर मला त्या मशीनची लाजच वाटे.

कार्यक्रमात प्रेक्षकांना प्रश्न विचारीत. (आमची लाईट नेमकी तेव्हाच जाई!) उत्तरे पोस्टकार्डावर पाठवायची. देशभरातून लाखो कार्डे येत. पुढे टपाल खात्याने स्पर्धांसाठी वेगळे, दोन रुपयांचे कार्ड काढले. दोन रुपये मागितले तशी अम्मी रागावली. अब्बांनी मशीन थांबवून विचारले, "उत्तर येतं का? नसेल येत तर आधी चार लोकांना विचारून ये, मग पैसे घे."

मी गुरुजींना विचारले, पोस्टमास्तरांना विचारले, मौलवीसाहेबांनाही विचारले. कार्ड गेले. बक्षीस कधीच आले नाही. पण विचारायची भीड गेली ती कायमची.

आज आपण सारे मोबाईलच्या नावाने ओरडतो, मीही ओरडतो. मोबाईल उत्तर लगेच देतो, त्यासाठी कोणाच्या दारी जावे लागत नाही, हीच माझी तक्रार आहे. म्हणून मी वर्गात एक खोके ठेवले. मनातला प्रश्न कार्डावर लिहून टाका, नाव लिहू नका, असे सांगितले. "इंद्रधनुष्य वाकडे का?" असे एकाने विचारले. दुसऱ्याने विचारले, "ऊसतोडीला गेल्यावर आमची हजेरी कोण लावतं?" त्यावर मला बराच वेळ गप्प बसावे लागले.

गेल्या महिन्यात एक कार्ड निघाले. "भाऊ केजला कॉलेजला जातो. मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क आहेत. मग दहावीनंतर मला घरी का बसवणार?"

अक्षर मी ओळखले, नाव सांगणार नाही. खर्चाचे म्हणाल तर खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे. तेव्हा कारण दुसरे काही असावे, आणि ते मला ठाऊक नाही. अब्बांनी घालून दिलेली शिस्त आहे, उत्तर येत नसेल तर विचारावे. म्हणून आज तुम्हा पालकांना विचारतो आहे. कार्ड माझ्या खिशात आहे. कार्यक्रम संपल्यावर मी मंडपाच्या दाराशी उभा राहीन.