रमाबाईंचे धर्मचिंतन



पंडिता रमाबाईंवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, पण धर्माचा विचार करणारी बाई म्हणून त्यांना फारसे कोणी वाचले नाही. सुधारकांनी त्यांचे काम वाखाणले आणि धर्मांतराचा विषय निघताच मान फिरवली. मिशनरी मंडळींनी धर्मांतर वाखाणले आणि त्यांच्या प्रश्नांना हट्ट ठरवले. मला आज त्या प्रश्नांविषयीच बोलायचे आहे. देवाचा विचार कोण करते, कुठे राहून करते आणि करताना समोर कोणाचे दुःख असते, यावर त्या विचाराचे रूप ठरते, असे मी मानतो.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या तेव्हा पंचविशीच्या होत्या, विधवा होत्या, लहानगी मुलगी मनोरमा बरोबर होती. शास्त्रांत स्त्रीला आणि शूद्राला काय स्थान दिले आहे, हे त्यांनी स्वतः संस्कृतात वाचले होते. वाँटेजच्या ज्या ख्रिस्ती भगिनीसंघात त्या उतरल्या, त्याचे लंडनजवळ फुलहॅमला एक आश्रयगृह होते. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेने वागवले जात होते. हे कशासाठी, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा त्यांना बायबलातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. परक्या जमातीची, पाच नवरे झालेली ती बाई विहिरीवर येते आणि येशू तिच्याशी उपासनेबद्दल बोलतो. रमाबाईंच्या श्रद्धेचा पाया या कथेत आहे. सिद्धांत पुढे आले. पुढे पुण्याजवळ केडगावला त्यांनी जे कृपासदन काढले, तेही अशाच बायकांसाठी.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि मग खरा वाद पेटला. त्या भगिनीसंघातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार प्रत्येक मराठी वाचकाने वाचावा. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत त्यांना बायबलात स्पष्ट दिसेना, आणि चर्च सांगते म्हणून तो मानायला त्या तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटलेली बाई दुसऱ्या पुरोहितवर्गापुढे मान का तुकवील? त्यांनी पुरुषांना शिकवू नये, असा सल्ला हिंदुस्थानातल्या बिशपांनी दिला. त्यावर त्या संतापल्या, आणि ते योग्यच होते. शाकाहार त्यांनी सोडला नाही. येशू स्वीकारताना इंग्रजी राहणीही स्वीकारलीच पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते.

उत्तरायुष्यात हिंदू धर्माबद्दल त्यांनी जे लिहिले, त्यातला कठोरपणा मला सगळाच पटत नाही. पण तो कुठून आला हे विसरता येत नाही. आईवडील आणि बहीण उपासमारीत गेली. जवळचा पैसा तोवर दानधर्मात आणि देवांना प्रसन्न करण्यात संपला होता.

म्हणून १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, त्याला मी नुसती समाजसेवा म्हणत नाही. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. पुण्यातल्या त्यांच्या शारदासदन या आश्रमात एवढ्यांची सोय होईना, म्हणून केडगावच्या जमिनीवर मुक्तीसदन वाढले. तिथे शेती, विणकाम, छापखाना, सगळे बायकाच चालवीत. दुसऱ्या कोणापुढे मान का तुकवावी, हा जो प्रश्न वाँटेजच्या पत्रांत होता, त्याचे उत्तर रमाबाई इथे देत होत्या. देव टाकलेल्या बाईशी बोलत असेल, तर तिला पुन्हा कोणाच्या तरी दारात उभे करून भागणार नाही, तिच्या हाताला काम आणि डोळ्यांना अक्षर मिळाले पाहिजे.

त्याच १८९७ साली पुण्यात प्लेग होता. आश्रमातल्या एका मुलीचे सरकारी प्लेग-व्यवस्थेत जे झाले, त्यावर रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रातून सरकारवर उघड आरोप केला. प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत पोहोचले आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत, म्हणून त्यांची गय करावी, असे या बाईंना वाटले नाही.